नणंदेची गोधडी

बोनांगच्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडची माणसं येणार म्हटल्यावर तिच्या आईनं, माबोनांगनं, पुढची खोली सजवायला काढली. भिंती शेणमातीनं सारवल्या, ओल्या सारवणावर काट्यानं नक्षी ओढली, खिडकीला नवे पडदे लावले. एवढं करूनही जुना सोफा काही लपेना. मधोमध फाटून त्याचा काथ्या बाहेर आला होता.

मग तिला केनेउएची गोधडी आठवली. केनेउए म्हणजे तिची धाकटी नणंद. नवऱ्यानं टाकल्यापासून भावाच्या घरीच राहायची. निळ्या छापील शेश्वे कापडाचे तुकडे जोडून तिनं हिवाळाभर ती गोधडी शिवली होती. “किती गं हा चिंध्यांचा पसारा!” असं माबोनांग तिला येता-जाता म्हणायची.

आता तीच म्हणाली, “केनेउए, तेवढी गोधडी दे ना सोफ्यावर टाकायला.”

“घे की वहिनी.”

पाहुणे आले. पुरुष अंगणात मुलीच्या मोबदल्यात द्यायच्या गुरांच्या संख्येवरून घासाघीस करत बसले, बायका आत आल्या. होणाऱ्या विहीणबाई मासेलुल्वे गावच्या. तिकडच्या बायका चौकस. त्यांनी बसायच्या आधीच गोधडीवरून हात फिरवला, ती उलटून मागचे टाके पाहिले.

“अगंबाई, काय टाके आहेत! कुणी शिवली?”

“मीच,” माबोनांग म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि मग तिला दारात केनेउए दिसली. हातात आल्याच्या सरबताचे पेले.

“आणि या? यांना येतं का?” विहीणबाईंनी विचारलं.

“छे हो,” केनेउए म्हणाली. “मी नुसती दोरा ओवून देते.” तिनं एकेकीला पेला दिला. वहिनीलाही दिला.

तिथं तरी माबोनांगनं थांबायचं! पण विहीणबाईंचं कौतुक थांबेना, आणि तोंडावरचा घाम लपवायला म्हणा किंवा आणखी कशाला म्हणा, तिनं गोधडीची घडी घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. “न्या. तुमच्याच घरी येणार आहे माझी लेक.”

पाहुणे गेल्यावर दोघी पेले विसळायला बसल्या.

“तुला दुसरं कापड आणून देते,” माबोनांग म्हणाली.

“नको. बोनांगलाच द्यायची होती, लग्नात, सगळ्यांसमोर. आत्याकडून म्हणून.” केनेउएनं पेला पालथा घातला. “तिच्याच घरी गेली ना. झालं.”

माबोनांगला मान वर करता येईना. नणंद ओरडली असती, भांडली असती तर उलट बोलता आलं असतं.

सकाळी उठून ती गाडीत बसली आणि विहीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. विहीणबाईंनी विचारलं,

“सरबत घेऊन उभ्या होत्या, त्या?”

“हो.”

“आणि तुम्ही त्यांच्यासमोरच...” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. आतून गोधडी आणून दिली. “लग्नात त्यांच्याच हातून घेऊ आम्ही.”

चहाचं कुणी विचारलं नाही.

घरी येऊन तिनं गोधडी नणंदेपुढे ठेवली. तिचा चेहरा उजळेल, असं वाटेत सारखं मनात येत होतं. केनेउएचा चेहरा उतरला.

“सांगून आलीस? मला न विचारता?”

“चूक माझी होती, मग—”

“तू खरं बोललीस, सुटलीस! पण ‘मला शिवता येत नाही’ असं मी बोलले होते ना त्यांच्यापुढे? तुझी अब्रू जाऊ नये म्हणून बोलले. आता त्या मला काय म्हणतील? खोटारडी! दोन्ही वेळा तू आपलंच बघितलंस, वहिनी.”

माबोनांगला हे सुचलंच नव्हतं. सुचलं नाही याचीच तिला जास्त लाज वाटली.

लग्नात केनेउएनं गोधडी दिली. विहीणबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, बायकांनी आनंदाच्या आरोळ्या दिल्या. माबोनांगनंही एक आरोळी दिली, पण सगळ्यांच्या मागे उभी राहून.

केनेउए अजून त्याच घरात जेवते, वहिनी म्हणूनच हाक मारते. शिवण मात्र तिनं शेजारणीच्या ओसरीवर नेलंय. दुपारी तिथून हसण्याचा आवाज येतो. माबोनांग कधीकधी कुंपणापर्यंत जाते, थोडा वेळ उभी राहते आणि माघारी येते.