जुन्या नंबरावर येणारे फोन

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, पण शिवणाची नाही की पिठाचीही नाही. शेतातली पाण्याची मोटर जळली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार काढून तांब्याची नवी तार भरावी लागते. त्या तारेची वेटोळी माझ्यावर गुंडाळतात. बिडाचा सांगाडा, दोन दातेरी चाके, एक मूठ आणि वेढे मोजणारा छोटा आकडा, एवढाच माझा संसार. वैनगंगेच्या काठी, भंडाऱ्याच्या समोर कारधा नावाचे गाव आहे. तिथे एका घराच्या पुढच्या खोलीत मी राहते. आज माझे बरे चालले आहे. ते कोणामुळे, हे सांगावेसे वाटते, म्हणून बोलते आहे.

माझा जन्म नागपुरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी कैलाश नावाचा तरुण मला घ्यायला आला. परतताना एसटीत एकच जागा रिकामी होती. त्याने तिथे मला बसवले आणि स्वतः भंडाऱ्यापर्यंत उभा राहिला. असा मालक मिळाला तर लोखंडालाही माया फुटते.

सुरुवातीला आम्ही भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळ एका टिनाच्या शेडमध्ये बसायचो. पुढे कैलाशने शहापूरला मोठ्या रस्त्याच्या कडेला दुकान टाकले. उन्हाळी धानाच्या दिवसांत आमच्या दारात जळलेल्या मोटरींची रांग लागायची. कैलाश माझी मूठ फिरवायचा आणि त्याची बायको रुपा शेजारी बसून तयार वेटोळी मोटरीच्या खाचांत एकेक करून बसवायची. तिची बोटे बारीक होती आणि तार कधी दुखावत नसे. नव्या वार्निशचा वास सुटला की शेतकरी बाहेरच्या बाकावरून उठून आत यायचे. मोटर घरघरून चालू लागली की कोणी कैलाशची पाठ थोपटायचे आणि कोणी माझ्या मुठीवरूनही हात फिरवायचे. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग रस्ता रुंद झाला आणि शहापूरचे दुकान हलवावे लागले. कैलाशने सगळे सामान कारध्याला आणून घरातच दुकान मांडले. जुन्या गिऱ्हाइकांना तो भेटेल तिथे नवा पत्ता सांगत होता. पण सगळ्यांना सांगून होण्याआधीच त्याला कावीळ झाली. ती अंगात भिनली आणि कैलाश गेला.

रुपाबाईंनी माझ्यावर त्याचा एक धुवट शर्ट टाकला आणि दुकानाची फळी लावून घेतली. काही महिन्यांनी मन घट्ट करून त्यांनी ती उघडली. काम त्यांना येत होतेच. फक्त माझी मूठ त्यांनी कधी धरली नव्हती, ती कैलाशची जागा होती. त्या दारात बसून वाट पाहू लागल्या, पण कोणीच आले नाही. एक उन्हाळा असाच गेला. मग त्यांनी मांडीवर सूप घेतले आणि तेंदूच्या पानांच्या विड्या वळायला सुरुवात केली. अशीच वर्षे गेली, माझ्या दातांवर धूळ बसली आणि मूठ अडकू लागली. शेजारच्या गीताबाईंशी बोलताना रुपाबाई एकदाच म्हणाल्या की माणूस गेला की लोक त्याचे दारही विसरतात. आवाज साधाच होता. पण त्याच आठवड्यात त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला. तो येऊन मला एका हाताने उचलून वजनाचा अंदाजही घेऊन गेला. गाडी घेऊन सोमवारी येतो म्हणाला.

सोमवारच्या आधी, भर दुपारी, दारात एक ऑटो थांबला. मागे जळलेली मोटर होती आणि तिच्याशेजारी एक वयस्क शेतकरी व एक तरुण बाई बसली होती. शेतकऱ्याचे नाव भोजराज आणि ती त्यांची सून कीर्ती. दोघे साकोली तालुक्यातल्या एकोडीहून आले होते. त्यांचे धान लोंब्या फुटून निसव्यावर आले होते, बोडीतले साठवलेले पाणी आटले होते आणि विहिरीवरची मोटर त्याच सकाळी जळली होती.

पाणी पिऊन झाल्यावर भोजराजभाऊंनी विचारले, "कैलाश मोटरवाले इथंच रायतेत का?"

रुपाबाईंनी ते गेल्याचे सांगितले. भोजराजभाऊंनी खिशातून आपला फोन काढला आणि हळूहळू सांगू लागले.

दोन वर्षांपूर्वी साकोलीला त्यांनी नवे सिमकार्ड घेतले होते. तेव्हापासून त्यांना अनोळखी माणसांचे फोन येत होते. कैलाशभाऊ, मोटर जळली. कैलाशभाऊ, आज दुकान उघडे आहे का? कैलाशभाऊ, मागच्या वेळी तुम्ही भरलेली मोटर अजून चालते, आता भावाची आणतो. लाखनीहून फोन यायचे, पवनीहून यायचे, अड्याळहून यायचे. भोजराजभाऊ प्रत्येकाला नीट सांगायचे की हा नंबर आता माझा आहे. शिव्या त्यांनी कोणाला दिल्या नाहीत, कारण जळलेल्या मोटरीचे दुःख त्यांना ठाऊक होते. त्या सकाळी त्यांची स्वतःची मोटर जळली, तेव्हा त्यांनी कीर्तीला फोनवर जवळचा वाइंडिंगवाला शोधायला सांगितला. तिने शोधला, एक नंबर सापडला, तिने तो लावला आणि सासऱ्याच्या खिशातला फोन वाजला.

"मी उचलला आन् हॅलो म्हनलं," भोजराजभाऊ म्हणाले, "तं सून माझ्या समोरच उभी."

मग दोघे पत्ता पाहून आधी शहापूरला गेले. तिथे दुकान नव्हते, नुसता रस्ता होता. एका चहावाल्याने त्यांना कारध्याचा मार्ग दाखवला.

मित्रांनो, रुपाबाई हे सारे उभ्यानेच ऐकत होत्या. कैलाशचा फोन तो गेल्यापासून पेटीत पडून होता, रिचार्ज संपला होता आणि कंपनीने तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकला होता. हे त्यांना ठाऊकच नव्हते. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मले वाटे, लोक इसरले. लोक तं रोज बोलावून रायले होते त्याईले."

भोजराजभाऊंनी मान खाली घातली. त्यांनाही वाईट वाटले असणार, कारण इतकी माणसे ज्याला शोधत होती त्याची बायको विड्या वळत बसली होती आणि तिची गिऱ्हाइके त्यांच्या फोनवर येऊन परत जात होती.

त्या दिवशी रुपाबाईंनी माझ्यावरचा शर्ट काढला, माझ्या दातांत तेल सोडले आणि माझी मूठ पहिल्यांदा धरली. पहिले वेटोळे सैल पडले. त्यांनी ते उकलून पुन्हा गुंडाळले. दुसरे नीट आले. भोजराजभाऊ बाकावर बसून राहिले, कीर्ती तार सोडायला मदत करत होती. वार्निश वाळायला ती मोटर उन्हात ठेवली, तेव्हा मला पुन्हा तो जुना वास आला. दुसऱ्या दिवशी मोटर एकोडीला गेली आणि धानाला पाणी लागले. भंगारवाला सोमवारी आला, तेव्हा माझ्यावर दुसऱ्या मोटरीची तार चढत होती. ती मोटर भोजराजभाऊंच्या शेजाऱ्याची होती, त्यांनीच पाठवलेली.

पण एका माणसाच्या सांगण्यावर दुकान किती चालणार? ही गोष्ट कीर्तीने ओळखली. लग्नाआधी ती नागपूरच्या एका कार्यालयात हेच काम करत होती, दुकानांची इंटरनेटवरची माहिती नीट लावण्याचे. आठवड्याने ती पुन्हा आली आणि रुपाबाईंना फोनवर दाखवू लागली. आमचे एकच दुकान तिथे चार ठिकाणी होते, मित्रांनो. एका जागी बसस्टँडजवळचे 'कैलास इलेक्ट्रिकल्स', ते दुकानांच्या नंबरांच्या एका माहितीपुस्तकातून उचललेले. दुसऱ्या जागी शहापूरचे 'कैलाश मोटर वाइंडिंग'. कोणा मित्राने हौसेने घातलेले 'के. मोटर रिपेअरिंग' तिसरे. चौथ्या जागी पुन्हा तेच शहापूरचे नाव, पण रिकामा रस्ता पाहून कोणीतरी खाली लिहून टाकले होते, कायमचे बंद. आणि कारध्याचा पत्ता कुठेच नव्हता.

कीर्तीने समजावले की फोनमधला नकाशा माणसासारखाच असतो. एकच माणूस चार नावे आणि चार पत्ते सांगू लागला, तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? नकाशालाही कोणते खरे ते कळत नाही, म्हणून तो आपल्याला तळाशी ढकलतो आणि लोकांना दुसऱ्याच दुकानाकडे पाठवतो. नाव, पत्ता आणि नंबर सगळीकडे अगदी एकसारखे लिहिले की तो हळूहळू आपल्याला वर आणतो.

नाव 'कैलाश मोटर वाइंडिंग' हेच राहील, यावर रुपाबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. पत्ताही कबूल झाला. नंबरापाशी मात्र गाडी अडली. त्या म्हणाल्या की तो नंबर तेवढा काढू नका. तो आहे तोवर कोणीतरी कैलाशच्या नावाने फोन करते.

कीर्तीने फोन बाजूला ठेवला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. ती म्हणाली, "काकू, फोन त्यांनाच करून राहिले लोक. पण उचलून राहिले आमचे मामाजी."

रुपाबाई उठून आत गेल्या. मला वाटले, आता संपले. पण त्या तोंड धुऊन आल्या आणि एकच गोष्ट विचारली. त्या जुन्या जागांवर कैलाशचे फोटो होते आणि गिऱ्हाइकांनी लिहिलेले चार शब्द होते. ते पुसले जातील का? कीर्तीने सांगितले की काही जागा पुसाव्या लागतील, पण शहापूरची चालू दाखवणारी जागा पुसायची नाही. तिचाच पत्ता बदलायचा आणि बाकीच्या तिच्यात मिळवायला सांगायचे. मग फोटो आणि शब्द एकाच ठिकाणी येतील. रुपाबाईंनी आपला नंबर सांगितला. कीर्तीने लिहून घेतला.

काम एका दिवसात झाले नाही. माहितीपुस्तकवाल्यांना पुन्हा पुन्हा फोन करावे लागले. नकाशावाल्यांनी पुरावा मागितला. रस्त्यापासून दुकानाच्या पाटीपर्यंत आणि पाटीपासून आतल्या कामापर्यंत न थांबता चित्रण करून पाठवायचे होते. गोठ्यामागे पडलेली शहापूरची पाटी धुऊन काढली आणि तिच्यावर शहापूर पुसून कारधा रंगवले. पहिले चित्रण नाकारले गेले, कारण उन्हाच्या तिरिपीत पाटी वाचताच येत नव्हती. दुसऱ्या वेळी कीर्ती सकाळीच आली. रुपाबाई पदर सावरत अवघडून बसल्या होत्या. पण माझी मूठ हातात येताच त्या समोरचा फोन विसरून गेल्या आणि नेहमीसारखे काम करू लागल्या. ते चित्रण मान्य झाले. पुरावा म्हणून जगापुढे मी उभी राहिले, याचा मला आजही अभिमान आहे.

पावसाळ्यात फारसे कोणी फिरकले नाही आणि रुपाबाईंना वाटले की सगळा खटाटोप वाया गेला. कीर्ती मात्र धीर धरा म्हणत राहिली. दिवाळीनंतर उन्हाळी धानाची तयारी सुरू झाली. एक दिवस अनोळखी नंबरावरून फोन आला. पवनीकडचा शेतकरी होता. कैलाश मोटर वाइंडिंगच ना, असे त्याने विचारले.

"हो, कारध्याले हाये," त्या म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "मी रुपा बोलून रायली. मोटर मीच भरतो."

पलीकडच्या माणसाने विचारले असावे की उद्या आणू का, कारण रुपाबाई आणा म्हणाल्या. त्यानंतर फोन येत गेले. सगळेच मोटर घेऊन आले नाहीत. बाईमाणूस मोटर भरते हे ऐकून कोणी फोन ठेवूनही दिला. पण जे आले, ते पुन्हा आले.

माघात भोजराजभाऊ एकदा सहज डोकावले. हातात नव्या तांदळाची पिशवी होती. बाकावर बसून त्यांनी कौतुकाने रांगेतल्या मोटरी पाहिल्या आणि जरा वेळाने सांगितले की आता त्यांचा फोन वाजत नाही. कोणी कैलाशभाऊ म्हणून हाक मारत नाही. इतकी सवय झाली होती की करमत नाही.

रुपाबाई हसल्या. माझ्यावर तो शर्ट पडल्या दिवसापासून मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते.

"मंग मीच करत जाईन," त्या म्हणाल्या.

आणि त्या करतात. महिन्यातून एखाद्या दिवशी काम आटोपले की त्या माझ्याशेजारी बसून तो नंबर लावतात. तो त्यांना पाठ आहे, कुठे पाहावा लागत नाही. पलीकडून भोजराजभाऊ धान कसे आहे ते सांगतात, त्या मोटर कशी चालते ते विचारतात. एवढेच बोलणे होते. फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ तशाच बसून राहतात आणि मग दिवा लावायला उठतात.

मित्रांनो, मला तेल घाला, मला पावसात ठेवू नका, हे मी मागणार नाही, कारण रुपाबाई ते न सांगता करतात. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या गावातले एखादे दुकान बंद म्हणून लिहिलेले दिसेल आणि तिथे माणूस दारात बसलेला असेल, तर त्याला जाऊन सांगा. चुकीचा फोन आला तर रागाने आपटू नका. पलीकडचा माणूस कोणाला तरी मनापासून शोधत असतो. भोजराजभाऊंनी ते दोन वर्षे ओळखले, म्हणून आज माझी मूठ फिरते आहे.