शेवटचा रकाना

मंगळवार, १२ ऑक्टोबर २००४. सकाळी सव्वादहा वाजता येडगावच्या शिवारातल्या एका लांबट शेडमध्ये सत्तावीस विद्यार्थी दोन रांगांत उभे होते, आणि त्यांच्यासमोर लोखंडी घोडीवर विमानाचे एक इंजिन ठेवलेले होते.

शेड मुळात कोंबड्यांची. सयाजीराव औटींनी ती रिकामी केली, चुना मारला, खाली कोबा करून घेतला आणि विमान देखभालीचा अभ्यासक्रम सुरू केला, त्याला दोन वर्षे झाली होती. अजूनही हत्यारांचा एखादा खण ओढला की त्यातून पांढरे पीस तरंगत वर येई. संस्थेची तात्पुरती मान्यता डिसेंबरअखेर संपत होती. ती कायम झाली, तर या मुलांची दोन वर्षांची प्रात्यक्षिके हिशेबात धरली जाणार होती आणि त्यांना परवान्याच्या परीक्षेला बसता येणार होते. ती नाकारली गेली, तर दोन वर्षे पाण्यात. त्यासाठीच मुंबईहून नागरी विमान वाहतूक खात्याचे निरीक्षक आले होते.

रांगेच्या टोकाला कुंडलिक हांडे उभे होते. तंत्रशाळेत शिकून हवाई दलात गेलेले, इंजिन फिटर म्हणून उमेदीची वर्षे घालवून वॉरंट ऑफिसरच्या हुद्द्यावर निवृत्त झालेले, आणि घोडेगावी घर बांधून राहिलेले गृहस्थ. सयाजीराव दोनदा घरी येऊन बसले, तेव्हा ते शिकवायला तयार झाले. मुलांच्या दुसऱ्या रांगेत त्यांची नात होती, हर्षाली. तिचे आईवडील चाकणला असत. बारावी होताच वडिलांनी स्थळे पाहायला घेतली होती. कुंडलिकरावांनी जावयाला शब्द दिला होता, "दोन वर्षं माझ्याकडे राहू द्या. परवान्याच्या परीक्षेला बसवून पाठवतो."

त्यांच्या शिकवण्यात पहिले स्थान पार्ट्स कॅटलॉगला होते. जाडजूड, कडा मळलेला, स्वतः जपून ठेवलेला तो ग्रंथ ते पहिल्याच दिवशी टेबलावर उघडत. डाव्या पानावर चित्र असे. इंजिनाचा एखादा भाग जणू कोणी अलगद उकलून ठेवावा, तसा प्रत्येक बोल्ट, वॉशर आणि सील आपापल्या रेषेत सुटा तरंगताना दाखवलेला, आणि शेजारी एकेक आकडा. उजव्या पानावर त्या आकड्यांची यादी. भागाचा क्रमांक, नाव, किती नग, आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना. त्यात केवळ एखादे अक्षर. तो भाग कोणत्या क्रमांकाच्या इंजिनांना चालतो, हे त्या अक्षरावरून कळे.

"दोन भाग चित्रात सख्ख्या भावांसारखे दिसतात," ते सांगत. "दाते तेवढेच, भोकं तीच. पण एकाचा धातू निराळा. तो दुसऱ्या इंजिनात बसतो, फिरतो, आणि वर आकाशात गेल्यावर तडकतो. चित्रावरून भाग ओळखा. शेवटचा रकाना वाचल्याशिवाय बसवू नका."

"म्हंजे लग्नावानीच, सर," येडगावचाच स्वराज एकदा मागून म्हणाला होता. "फोटोत झ्याक दिसती, पर पत्रिका जुळाया पायजे."

वर्ग हसला होता. कुंडलिकरावही हसले होते. "तसंच समज. फक्त इथं गुरुजींना सांगून पत्रिका बदलून मिळत नाही."

हर्षालीला त्या पानांचे वेड लागले. येताना-जाताना एसटीत ती डोळे मिटून बसे आणि चित्रातले सुटे भाग मनातल्या मनात जोडून पाही. संस्थेच्या फाटकातून आत शिरली की ती आजोबांना सर म्हणे, आणि मार्कांच्या बाबतीत तेही तिला परके मानत. सगळ्या वर्गात तिच्याइतके चोख काम कोणाचेच नव्हते.

निरीक्षक येण्याच्या तीन आठवडे आधी कुंडलिकराव गिअरबॉक्सचा पाठ तयार करत होते. आतापर्यंत वर्गात सुटे भागच हाताळले गेले होते; घोडीवरचे इंजिन उघडायची वेळ आता आली होती. मुले जेवायला गेली होती. त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने आवरणावरचा मळ पुसला. खाली कोरलेला क्रमांक कॅटलॉगात मिळाला, चित्रही तंतोतंत जुळले, आणि शेवटच्या रकान्यातले अक्षर भलत्याच मालिकेचे निघाले. आपल्याच नजरेवर त्यांचा विश्वास बसेना. पुढचे काही दिवस दुपारच्या सुट्टीत ते एकेक भाग पुसून पाहत राहिले. टर्बाइनचा भाग नव्या मालिकेतला होता, गिअरबॉक्स जुन्या. नामपट्टीवरचा क्रमांक या दोहोंशीही जुळत नव्हता. कोणा हुशार माणसाने भंगारातून निदान तीन इंजिने गोळा करून त्यांचे एक केले होते.

त्यांनी सयाजीरावांना टोमॅटोच्या वावरात गाठून सांगितले.

"पर सर, दलालानं इंजिनासंगं पेपर दिलेत की. शिक्क्यासकट."

"कागद एका इंजिनाचे आहेत. घोडीवर तीन इंजिनं आहेत."

"म्हंजे आपुन फायद्यातच हाय राव," सयाजीराव हसले. मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचे हसू ओसरले. हातातला टोमॅटो त्यांनी हळूच क्रेटमध्ये ठेवला. "फसलो का मी?"

"फसलात."

"त्या दलालानं मला जेवाया घातलं व्हतं, सर. सोताच्या घरी." "लई मोठी चूक झाली. पर पोरांचं काय करायचं? त्यांचा तर काय दोष न्हाई. तुमी एवढी तपासणी पार पडू द्या. वरीस संपायच्या आत खरं इंजिन आणतो. देवाशपथ आणतो."

सयाजीराव लबाड नव्हते. तसे असते, तर कुंडलिकरावांना सोपे गेले असते. घोडेगावी परतताना त्यांनी मनाशी एक रेघ आखली. विचारले तर खोटे बोलायचे नाही, आणि आपण होऊन बोलायचे नाही. निरीक्षक हजेरीपट पाहतात, अग्निशामक नळकांडी मोजतात, एखाद्या विद्यार्थ्याला एखादे पान काढायला लावतात. त्यांनी अख्खा कॅटलॉग चाळून एक पान निवडले. इंधन फवारणाऱ्या नॉझलचे. तिथला प्रत्येक भाग नामपट्टीशी जुळत होता. पुढचे तीन आठवडे वर्गात तेच पान चालले. गिअरबॉक्सचा पाठ त्यांनी पुढे ढकलला. हर्षालीला काही सांगितले नाही. तिला ठाऊक नसलेलेच बरे, असे त्यांना वाटले होते.

निरीक्षक मध्यम वयाचे आणि मृदुभाषी निघाले. सगळे पाहून झाल्यावर ते म्हणाले, "एखादं प्रात्यक्षिक दाखवा." कुंडलिकरावांनी हर्षालीला पुढे बोलावले. तिने नॉझल सोडवला, क्रमांक वाचला, चित्र काढले, यादीत बोट ठेवले, शेवटचा रकाना वाचून नामपट्टीशी ताडून पाहिला. कुठेही अडखळली नाही. निरीक्षकांनी समाधानाने मान डोलावली. सयाजीरावांनी तिकडे जेवणाची पाने मांडायची खूण केली.

"छान," निरीक्षक म्हणाले. "आता तुझ्या आवडीचं एखादं पान काढ बाळ. हे पाठ केलंय की खरंच येतंय, एवढं बघतो."

हर्षालीचा चेहरा उजळला. सरांनी अजून न शिकवलेले पान काढले, म्हणजे पाठांतराचा संशयच उरणार नाही, असा तिने विचार केला. तिने गिअरबॉक्सचे पान काढले.

हर्षालीने फडक्याने आवरण पुसले, क्रमांक मोठ्याने वाचला. चित्रात भाग दाखवला. यादीत बोट ठेवून ते उजवीकडे सरकवत नेले. शेवटच्या रकान्यावर बोट थांबले. तिने नामपट्टी पाहिली, पुन्हा पान पाहिले. मग तिने मान वर करून आजोबांकडे पाहिले.

त्या वेळी एक वाक्य त्यांच्या ओठांवर अगदी तयार होते. ते पान जुने आहे, सुधारित पाने कपाटात आहेत. कॅटलॉगची पाने बदलतातच, निरीक्षकांना पटले असते, आणि बाहेर जेवण वाढून तयार होते. सत्तावीस मुले परीक्षेला बसली असती. कुंडलिकरावांची नजर हर्षालीच्या बोटावर होती. ते बोट त्यांनीच दोन वर्षे धरून त्या रकान्यापर्यंत नेले होते. तिथून ते मागे ओढायला त्यांचा हात धजेना.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. जे दिसते ते सांग.

"सर," हर्षाली निरीक्षकांना म्हणाली, "हा भाग या इंजिनाचा न्हाई."

निरीक्षकांनी डोळ्यांवर चष्मा चढवला. त्यांनी स्वतः पान वाचले. मग बाह्या वर केल्या आणि टॉर्च मागितला. जेवणाची पाने तशीच राहिली. दोन वाजेपर्यंत त्यांनी टर्बाइनपर्यंतचे क्रमांक तपासले. शेवटी हात पुसत, आवाज न चढवता त्यांनी विचारले, "हांडेसाहेब, तुमच्यासारख्या माणसाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," कुंडलिकराव म्हणाले.

रांगेत कोणीतरी खोकले. हर्षालीने कॅटलॉग मिटला आणि फडक्याची घडी घालू लागली. घडी झाल्यावर ती उलगडून तिने पुन्हा घातली.

निरीक्षकांची जीप गेल्यावर स्वराज तिच्याजवळ आला. "एवढं बारीक वाचाया कुनी सांगितलं व्हतं गं तुला? चित्र जुळतंय म्हनायचं आन गप बसायचं."

"मग तो रकाना कशाला छापलाय?"

"आमची दोन वरसं घालवाया," तो म्हणाला, आणि सायकल घेऊन निघून गेला. बाकीची मुले तिच्याशी बोललीच नाहीत.

येडगावहून नारायणगावपर्यंत प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये, आणि पुढे मंचरपर्यंत एसटीत, आजोबा आणि नात एकमेकांशेजारी बसून होते. मंचरच्या स्टँडवर घोडेगावावरून जाणाऱ्या भीमाशंकरच्या गाडीला वेळ होता. कुंडलिकरावांनी दोन चहा आणले. तिने कप हातात धरला, प्यायली नाही.

"कवापासून ठावं व्हतं?"

"तीन आठवडे झाले. सयाजीरावांना तेव्हाच वावरात जाऊन सांगितलं."

"म्हनून तेच ते पान घेत व्हता."

"हो."

ती कपाकडे पाहत राहिली. "मी खरं बोलले त्याचं मला काय न्हाई, आजोबा. पुन्हा विचारलं तरी तेच सांगीन. पर ते वाक्य तुमचं व्हतं. तुमी सयाजीकाकांच्या वावरात बोललात, साहेबांनी विचारल्यावर बोललात. मधलं तेवढं माझ्या तोंडून गेलं. आता गावभर सगळी म्हनतील, हर्षालीनं कॉलेज बंद पाडलं."

"मी सगळ्यांना सांगेन."

"काय सांगाल? त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, कोन बोललं ते."

हवाई दलात चौकशीपुढे कसे उभे राहायचे, हे कुंडलिकरावांना येत होते. इथे समोर विशीतली मुलगी निवलेला चहा धरून बसली होती, आणि तिने विचारलेला एकही प्रश्न चुकीचा नव्हता. गाडी लागली. खिडकीची जागा तिने त्यांना दिली आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसली.

घरी कुंडलिकरावांच्या पत्नी साळुबाईंनी दोघांचे चेहरे पाहिले आणि न विचारता ताटे वाढली. हर्षाली जेवली, ताट घासले, आणि दुसऱ्या दिवसापासून आजीबरोबर शेतात जाऊ लागली. वह्या कपाटात गेल्या.

दिवाळीनंतर पत्र आले. मान्यता कायम करण्यास नकार. दोन वर्षांची प्रात्यक्षिके ग्राह्य धरता येणार नाहीत. सयाजीराव ते पत्र घेऊन घोडेगावी आले. रागवायला आलेत, असे कुंडलिकरावांना वाटले. ते ओट्यावर बसले, पाणी प्याले. "तुमच्यावर राग न्हाई, सर," ते म्हणाले. "तुमी सांगितलं तवाच मी इंजिन उचलून फेकाया पायजे व्हतं. तुमच्या गप बसन्यात माझाबी वाटा हाय." जाताना त्यांनी कॅटलॉग परत दिला. संक्रांतीपर्यंत शेडमध्ये पुन्हा कोंबड्या आल्या.

तो हिवाळा कुंडलिकरावांनी पुण्या-नाशिकच्या संस्थांचे उंबरठे झिजवण्यात घालवला. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळे. मुले घेऊ, पण पहिल्या वर्षापासून. ज्यांना शक्य होते त्यांनी नव्याने नाव घातले. बहुतेकांच्या घरी दोन वर्षे हीच शेवटची मुदत होती. प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन कुंडलिकरावांनी त्याच्या वडिलांसमोर सांगितले की दोष माझा आहे. लोकांनी ऐकून घेतले, चहा दिला. कोणी वाकडे बोलले नाही. स्वराजच्या आईने मात्र विचारले, "तुमच्या नातीचं झालं का कुठं ॲडमिशन?" त्यांनी नाही म्हणून सांगितले.

फेब्रुवारीत जावई हर्षालीसाठी स्थळ घेऊन आले. चाकणला कारखान्यातला मुलगा, चांगले स्थळ होते. कुंडलिकरावांनी हर्षालीला परसात गाठले. "नाशिकच्या संस्थेत जागा आहे. मी बोलतो तुझ्या वडिलांशी. आणखी दोन वर्षं मागून घेतो."

ती तारेवर धुणे वाळत घालत होती. "नका बोलू, आजोबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना. "मला आता पान उघडलं की आधी तुमचं तोंड दिसतं. मान हलवताना."

त्यांनी बादलीतले उरलेले कपडे पिळून तिच्या हाती दिले. दोघांनी मिळून धुणे संपवले.

मार्चमध्ये लग्न झाले. हर्षाली सणावारी येई, आजीजवळ बसे, आजोबांच्या पाया पडे, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करी. विमानाचा विषय तिने काढला नाही आणि त्यांनीही काढू दिला नाही. कॅटलॉग ते अधूनमधून झटकून ठेवत, पण उघडत नसत.

२००९ सालाच्या अखेरीस त्यांनी विचारपूस करून सर्व मुलांची माहिती मिळवली. काही जण चाकणच्या कारखान्यांत लागले होते, काहींनी शेती धरली होती, एकाने नारायणगावात मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान टाकले होते.

सत्तावीस जणांपैकी विमान देखभालीचा परवाना मिळाला तो दोघांना.