एकट्या खांद्याचं दुखणं

नाट्यगृहाचा नवा पडदा सासूबाईंनी शिवला होता. आज तो पहिल्यांदा उघडणार म्हणून सुनेचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. रंगमंचामागे तर नुसती धांदल उडाली होती.

सासूबाईंचा संधिवात जुना, हट्टी. दुखायला लागलं की म्हणायच्या, "आले पाहुणे! जाईपर्यंत सोसायचं." त्यामुळे त्या खांदा धरून खुर्चीत बसल्या, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मुलाने सवयीने गोळी पुढे केली.

सून शेकायची पिशवी घेऊन धावली. रोज सकाळी तीच त्यांचे खांदे शेकायची, आणि हा आजार मेला नेहमी जोडीनेच छळायचा; डावा दुखला की उजवाही दुखणारच.

"उजवा आधी शेकू?"

"उजव्याला काही नाही गं. डावाच धरलाय, आणि जबडा. घाम बघ किती आलाय."

सुनेने पिशवी बाजूला टाकली. "आई, हे सांध्याचं नाही. दवाखान्यात चला."

"वेड लागलंय का तुला? तिसरी घंटा व्हायची आहे. पडदा बघितल्याशिवाय मी हलायची नाही."

"पडदा उद्याही उघडेल! तुम्हाला परत कुठून आणायचं?"

आजवर सून कधी सासूसमोर मोठ्याने बोलली नव्हती. सासूबाई इतक्या चपापल्या की भांडायचंच विसरल्या. नाट्यगृहाच्या सुताराने आणि राजाच्या वेशातल्या नटाने त्यांना खुर्चीसकट उचललं. महाराजांचा मुकुट दारात पडला, पण तो उचलायला कुणाला सवड होती! मुलाने गाडी दारातच आणली होती.

"हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, ती उघडली," दवाखान्यात डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "अगदी वेळेत आणलंत. यांच्या संधिवाताची सूज सांध्यांपुरती राहत नाही, हृदयालाही पोचते. यापुढे दोन्हीकडे लक्ष ठेवायचं."

सून भिंतीला टेकून हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

ती आत गेल्यावर सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं. तेवढ्यात सुताराचा फोन आला: पडदा उघडताना अर्ध्यावर अडकला होता, तरी टाळ्या थांबत नव्हत्या.

सासूबाईंना हसू आवरेना.

"आई, हसू नका हो, डॉक्टरीणबाई रागावतील."

"रागावू देत," सासूबाई तिचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "बोलणी खायला मी आहे ना अजून!"