सेराफिनामावशीची मूठ

सेराफिनाने मिरच्यांची शेवटची पाटी कढईत उलटली आणि अंगणातल्या सगळ्यांना एकदम ठसका लागला. कंपनीकडून आलेला निहार कॅमेरा तसाच सोडून नळाकडे धावला. त्याचं शिक्षण मसाल्यांवरच झालेलं होतं, पण ते प्रयोगशाळेत. किम्बर्लीने नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या हातातली कराराची फाईल धुरापासून लांब धरली.

"पाणी मार, चोळू नको," सेराफिना त्याला म्हणाली. "बस जरा कडेला. मिरची कुठे पळून नाय जात."

अंधेरीतल्या या गावठाणात मे महिना मसाल्याचा. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले तरी त्यात फरक पडलेला नाही. टॉवरवाले या दिवसांत खिडक्या लावून घेतात, आपल्या ग्रुपवर तक्रारी टाकतात, आणि पावसाळा लागला की त्यांतलेच काहीजण एखादी बाटली मिळेल का म्हणून विचारायला येतात.

किम्बर्ली ही सेराफिनाच्या बहिणीची मुलगी. तिच्या सगळ्या सुट्ट्या याच अंगणात गेल्या. आता ती पवईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये वकील होती. ट्रेडमार्क, कॉपीराइट, धंद्यातली गुपितं, असं तिचं काम. ज्या मालमत्तेला कुंपण घालता येत नाही नि कुलूपही लावता येत नाही तिला वकील लागतो, असं ती नव्या मुलांना समजावून सांगायची. एकदा विरुद्ध बाजूच्या वकिलाने चुकून तिलाच पाठवलेली मेल तिने न वाचता परत केली होती. ती केस हरली. तेव्हापासून ऑफिसात तिला 'सिस्टर किम्बर्ली' म्हणत. चेष्टेनेच म्हणत, पण नाजूक कामं तिच्याकडेच येत. यंदा भागीदारीसाठी तिचं नाव पुढे होतं आणि जूनमध्ये ते जाहीर व्हायचं होतं.

सेराफिनाच्या बाटली मसाल्याची कृती विकत घ्यायची कंपनीची इच्छा होती. सेराफिनालाही ते हवं होतं. तिचा मुलगा मर्विन कॅनडात, सुनेला मसाला आवडतो पण भाजायला नको. लेबलवर सेराफिनाच्या सासूचं, रेजिनाचं, नाव आणि फोटो येणार होता. तो फोटो तिने केव्हाच पुसून टेबलावर काढून ठेवला होता. विकणारी आपली मावशी आहे हे किम्बर्लीने फर्ममध्ये आणि कंपनीत, दोन्हीकडे आधीच सांगून टाकलं होतं आणि कुणाची हरकत नव्हती.

"मी कंपनीची वकील आहे, तुझी नाही," तिने मावशीलाही बजावलं होतं. "दुसऱ्या कुणाकडून वाचून घे."

सेराफिनाने चर्चमधल्या ओळखीच्या जॉनी वकिलाकडून करार वाचून घेतला. त्यात एक कलम होतं, किम्बर्लीनेच लिहिलेलं. कृती पूर्ण दाखवली आहे, काहीही राखून ठेवलेलं नाही. हे खोटं निघालं तर करार मोडेल आणि भरपाई द्यावी लागेल.

भाजलेलं सगळं रिक्षाने गिरणीत गेलं आणि कुटून परत आलं. मोठ्या घमेल्यात लालभडक मसाला ओतला गेला. निहारने कॅमेरा जवळ आणला. किम्बर्ली दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, कारण आता मुठीची वेळ होती.

ही मूठ गावठाणात सगळ्यांना ठाऊक होती. कुणाचाही मसाला कुटून आला की सेराफिना घरात जायची आणि उजवी मूठ घट्ट मिटून बाहेर यायची. बायका तोंडं फिरवून उभ्या राहायच्या. ती मूठ घमेल्यात सोडायची आणि मगच बाटल्या भरायला घ्यायच्या. तिच्या आधी हेच रेजिना करायची. कुणी बघितलं तर मसाला वर्षभर टिकत नाही, असा समज. कुणी म्हणे नागकेशर असतं, कुणी म्हणे गोव्याहून काही येतं. लहानपणी किम्बर्लीने एकदा मान वळवली होती, तर रेजिनाने सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली दिली होती.

सेराफिनाने कमरेला हात पुसले. घरात काही गेली नाही. स्टुलावर बसली, बिअरची धुवून वाळवलेली बाटली घेतली आणि काठीने मसाला दाबून भरू लागली.

"मावशी, सगळं झालं?" किम्बर्लीने विचारलं. "काही राहिलं नाही ना?"

"झालं म्हणजे झालं."

"नक्की?"

"किती वेळा विचारशील? ह्या पोराला जेवायचं असेल."

किम्बर्लीला राग आला आणि त्याच वेळी मावशीचा अभिमानही वाटला. म्हातारीने कंपनीला सगळं दिलं आणि मूठ तेवढी घरात ठेवली. कंपनीला सांगावं, तर लहानपणी याच अंगणात जे मिळालं ते विकल्यासारखं होईल. गप्प राहावं, तर आपल्याच अशिलाला आपण जाणूनबुजून खोट्या कागदावर सही करायला लावू. निहार पेनाचं टोपण काढून उभा होता.

"दोन मिनिटं द्या मला," ती म्हणाली आणि फाईल घेऊन अंगणाबाहेरच्या क्रुसापाशी गेली. तिथून तिने फर्ममधल्या देवव्रत सरांना फोन लावला.

"सर, या कामातून मला मोकळं करा."

"आज? सहीच्या दिवशी? कारण काय?"

"सांगू शकत नाही."



"तू मधेच उठून गेलीस म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असंच ते समजणार. तुझ्या मावशीचंच नुकसान आहे त्यात."

"माहीत आहे."

"आणि जूनच्या मीटिंगमध्ये मी काय सांगू?"

"मी माघार घेतली, एवढंच सांगा."

"बरं, सिस्टर किम्बर्ली," ते म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

तिने निहारलाही तेवढंच सांगितलं. त्याने बाजूला जाऊन कुणाशी तरी बोलून घेतलं, परत आला आणि ओशाळून म्हणाला, "आमचे सर म्हणाले, सध्या थांबू या." त्याने कॅमेरा गुंडाळला. सेराफिनाने त्याला भरलेली बाटली देऊ केली, पण ती घ्यावी की नाही ते त्याला कळेना. शेवटी न घेताच गेला.

सेराफिना फोटो उचलून आत गेली. किम्बर्ली मागोमाग गेली.

"काय गो, काय केलंस तू? कागद फाटला का?"

"मी सोडलं काम. मावशी, तू मूठ टाकली नाहीस. मी ते बघून न बघितल्यासारखं करू शकत नव्हते. आणि त्यांना सांगूही शकत नव्हते."

 सेराफिना पलंगावर बसली आणि तिने आपली उजवी मूठ मिटून तिच्यासमोर धरली.

"उघड."

किम्बर्लीने तिची बोटं एकेक करून सोडवली. मिरचीने लाल झालेल्या तळव्यात काहीच नव्हतं.

"हे असतं मुठीत," सेराफिना म्हणाली. "सासू जाताना मी जवळ बसलेली. म्हटलं, आता सांगेल. तिने हात वर केला आणि मूठ उघडली. मला वाटलं, ताकद गेली म्हणून उघडली. पुढच्या मे महिन्यात कळलं की ती सांगून गेली."

किम्बर्ली खुर्चीवर बसली. तिला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"मग आज का नाही टाकलीस?"

"ते पैसे देणार होते. पैसे घेऊन रिकामी मूठ दाखवायची? फसवणूक झाली ती."

"आणि गावातल्या बायकांना?"

"त्या कुठे पैसे देतात?"

किम्बर्लीने पर्समधून फोन काढला. "मी सांगते देवव्रत सरांना. माझी समजूत चुकली, कृती पूर्ण आहे. कंपनी परत येईल. मुठीचं मात्र सांगावं लागेल, नाहीतर विश्वास नाही बसणार."

"कागदावर येईल ते?"

"येईल."

बाहेर आवाज झाला. शेजारच्या ज्युडिथचा मसाला गिरणीतून आला होता. तिच्या दोन्ही जावा आणि मागच्या गल्लीतल्या बायका घमेल्याभोवती जमल्या होत्या. सेराफिनाने खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं. मग पलंगावर ठेवलेला रेजिनाचा फोटो उचलून भिंतीवरच्या जुन्या खिळ्याला परत लावला.

"ठेव तो फोन," ती म्हणाली.

"मावशी, तुला तिचं नाव हवं होतं ना बाटलीवर?"

"हवं होतं." तिने फोटो जरा सरळ केला. "नाय तर नाय."

"सेराफिना," बाहेरून ज्युडिथने हाक मारली, "येतेस ना गो?"

सेराफिना दाराकडे वळली आणि गुडघा धरून परत पलंगावर बसली.

"तू जा."

"मी?"

"मूठ घट्ट धर. सैल धरलीस तर बायकांना कळतं."

 फोन पर्समध्ये टाकून किम्बर्ली उठली, उजवी मूठ मिटली आणि अंगणात आली. तिला बघून बायकांना जरा नवल वाटलं, पण कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी तोंडं फिरवली. ज्युडिथने नातीची मानही हाताने पलीकडे वळवली.

किम्बर्लीने घमेल्यावर हात नेला आणि मूठ उघडली.

ज्युडिथ वळली. वाकून तिने मसाल्याचा वास घेतला.

"हां," ती म्हणाली, "आता आला वास."