चित्र अडकायचं तिथून पुढं

नम्रतानं टीव्हीखालच्या डिशच्या बॉक्सचा शेवटचा स्क्रू काढून बशीत टाकला आणि झाकण उचललं, तसा गेणबा पलंगावरून अर्धा उठला.

“त्येला धक्का लागला तर?”

“नाही लागणार, बाबा. तुम्ही बसा बरं.”

बसा म्हणे! बायकोचा, चंद्रकलेचा, आवाज त्या डब्यात अडकलेला आणि सूनबाई त्याचंच पोट उघडून बसलेली. गेणबा बसला खरा. हाताला काम हवं म्हणून त्यानं अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरायला लागला.

चंद्रकलेला जाऊन दोन पावसाळे झाले होते. ती असताना एकदा टीव्हीवाले पौडात ओव्या घ्यायला आले होते. बौद्धवाड्यातल्या बायकांमध्ये चंद्रकला सगळ्यांत पुढं बसून बाबासाहेबांच्या ओव्या गायली होती. कार्यक्रम लागला त्या दिवशी गेणबा स्वारगेटच्या एसटीवर, कंडक्टर. म्हणून तिनंच रिमोटचं बटण दाबून त्याच्यासाठी रेकॉर्ड करून ठेवला. पण त्या रेकॉर्डिंगला पहिल्यापासून खोड. ओव्या संपायच्या, सूत्रसंचालन करणारी मुलगी चंद्रकलेपुढं माईक धरायची, आणि नेमकं तिथंच चित्राचे चौकोन-चौकोन व्हायचे. पुढं ढकलायला जावं तर बॉक्सच बंद पडायचा.

“पुढं काय बोललीस गं?” असं गेणबानं विचारलं, की चंद्रकला तोंडाला पदर लावायची.

“काय न्हाई. आपलं इकडचं तिकडचं.”

आता तर तेवढंही गेलं होतं, आणि घालवणारा दुसरा कोण? खुद्द गेणबा! परवा आभाळ गडगडलं आणि त्यानं धावत जाऊन प्लग उपटला. मुळशीचा पाऊस तो. वीज चमकायच्या आत घरोघरचे प्लग निघतात, त्यात नवल ते काय. पण बॉक्स त्याच वेळी रात्रीची मालिका रेकॉर्ड करत होता. पुन्हा लावला तेव्हा पडद्यावर आलं, डिस्क खराब आहे, सगळं पुसून नव्यानं सुरू करू का? अनिकेत, गेणबाचा मुलगा, म्हणाला, “हो म्हणा, नाहीतर नवीन बॉक्स घेऊ.” तेव्हा नम्रतानं नवऱ्याच्या हातातून रिमोट काढून घेतला होता.

“कुणीही काहीही दाबायचं नाही,” ती म्हणाली होती. “या बॉक्सचं रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सवर चालत नाही. रविवारी मी बघते.”

सून यवतमाळकडची. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत दिवसभर लॅपटॉपपुढं बसते, एवढंच गेणबाला ठाऊक. लग्नाला वर्ष होत आलं तरी जेवलीस का, आलीस का, यापुढं त्याचं तिच्याशी बोलणं गेलं नव्हतं.

नम्रतानं डिस्क अलगद बाहेर काढली. वहीएवढीसुद्धा नव्हती ती. तिला लॅपटॉपची वायर जोडली, शेजारी दुसरी कोरी डिस्क ठेवली.

“हे काय करतीस?”

“आधी जशीच्या तशी नक्कल. मूळ डिस्कला हात लावायचा नाही. चुकले तर नकलेवर चुकेन.”

गेणबाच्या मनात आलं, काय डोकं आहे पोरीचं! तोंडानं मात्र तो “हं” म्हणाला.

“रेकॉर्डिंगं बहुतेक जागच्या जागी आहेत, बाबा. पण कुठलं कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं, ही नोंदच फाटलीय.”

गेणबानं जरा विचार केला.

“म्हंजी प्याशिंजर गाडीत बसलेत, पर कंडक्टरचं वेबिल फाटलंय. कोण कुटं चढलं, काय कळंना.”

नम्रता मान वर करून त्याच्याकडं बघतच राहिली. “अगदी तसंच! मग कंडक्टर काय करतो?”

“काय करनार? एकेकाला इचारत हिंडायचं.”

“मी पण तेच करणार आहे.”

आणि खरंच, दुपारभर ती तेच करत राहिली. जेवणाचं ताटसुद्धा तिनं लॅपटॉपशेजारी घेतलं. नक्कल भराभर पुढं गेली आणि एका जागी थबकली. नम्रतानं कपाळाला आठी घातली नाही, की चिडून काही दाबलं नाही. ती जागा तशीच सोडून पुढचं सगळं आधी उतरवून घेतलं, आणि मग मागे वळली.

“जुना डाग आहे इथं. पुढून वाचता येत नाही. उलट्या बाजूनं येऊन बघते.”

एकदा झालं, दोनदा झालं, कितीदा झालं कोण जाणे. हट्टी तर हट्टी, पण तो हट्ट किती गोड शांतपणे करत होती! गेणबा डोळे भरून बघत होता. सुपारी तशीच अडकित्त्याच्या पात्यांत राहिली होती.

उन्हं कलली तेव्हा फाटलेली नोंदही जुळली होती. तिनं नवी डिस्क बॉक्समध्ये बसवली, प्लग लावला आणि रिमोट त्याच्या हातात दिला.

“तुम्हीच लावा.”

गेणबानं बटण दाबलं. पडद्यावर बायका उमटल्या, आणि पुढं बसलेली चंद्रकला, हिरव्या लुगड्यात, डोक्यावर पदर. तिनं सूर लावला. ओव्या संपल्या, माईक तिच्यापुढं आला, आणि सवयीनं त्यानं डोळे मिटले.

चित्र अडकलं नाही.

“घरचे काय म्हणतात तुमच्या गाण्याला?” ती मुलगी विचारत होती.

“आमचे मालक व्हय?” चंद्रकला हसली. “त्येंनी आजवर कुनाला चांगलं म्हटलेलं मी तरी ऐकलं न्हाई. पर मी गायला लागले ना, की त्येंचा अडकित्ता थांबतो. तेवढ्यावरनं आपन वळखायचं.” बायका खदखदून हसल्या. चंद्रकला मात्र हसता हसता खाली बघायला लागली. “पर एकदा तोंडानं म्हनावं मानसानं. आपल्यालाबी बरं वाटतं की.”

मग दुसरीच बाई बोलायला लागली.

नम्रताची नजर गेणबाच्या मांडीवरच्या अडकित्त्याकडं गेली. तो दुपारपासून तसाच होता. गेणबानंही खाली पाहिलं, आणि अडकित्ता बाजूला ठेवला.

“नम्रता,” तो म्हणाला. “लई चांगलं केलंस, पोरी. लई चांगलं.”

नम्रता वायर गुंडाळता गुंडाळता हसली.

गेणबानं उपरण्यानं डोळे पुसले आणि रिमोट तिच्यापुढं धरला.

“आता ती गातीय तितं मागं ने,” तो म्हणाला. “तिलाबी तोंडानं म्हनायचंय मला.”