मुकादमाचा चेहरा

"भुवया जाड करा. आणि केस मागे, चापून बसवलेले. डोळे एवढे मोठे नाहीत हो त्याचे!"

डॉक्टरबाई माउस सरकवत होत्या आणि पडद्यावरचा चेहरा हळूहळू भरत चालला होता. मघाशी तो दुकानातल्या पुतळ्यासारखा कोरा होता. आता त्याला नाक आलं होतं, कान आले होते, आणि डोळे बारीक केल्याबरोबर तो चक्क मावशीकडे बघायला लागला.

"तुम्ही हसताय का?" मावशीनं विचारलं.

"नाही हो. इथं आलेले लोक गोंधळतात. आवाज ऐकू येतो, त्याला चेहरा कुठला असणार, म्हणतात. तुम्ही तर शेजाऱ्याचं वर्णन केल्यासारखं सांगताय."

"शेजारीच तो. फक्त मधे भिंत नाही."

मावशी म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या दुकानातली रफूवाली. काउंटरच्या मागे, खिडकीला चिकटून तिचं स्टूल. इस्त्रीनं जाळलेली पँट म्हणू नका, उंदरानं कुरतडलेला कोट म्हणू नका, मावशीच्या हाताखालून गेला की भोक कुठं होतं ते मालकालाही सांगता यायचं नाही. तिची एकच रीत होती. रफूचा धागा बाहेरून आणायचा नाही, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा. बाहेरचा धागा कितीही जुळता आणा, उजेडात चुगली करतोच.

गिऱ्हाईकं वाहवा करायची. पण मावशीच्या मागे उभं राहून कोण काम करून घेतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो दिसायचा नाही. उजव्या कानाच्या जरा मागून बोलायचा, आणि बोलायचा तेही दोनच शब्द.

"दिसतंय. उसव."

मावशी उसवायची. पुन्हा विणायची. पुन्हा तेच. लेक पाळण्यात होती तेव्हापासून हे चालू होतं. तिनंच त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. आधी तो फक्त कपड्यांचं बघायचा, मग तिच्या चालण्यात, हसण्यात, दार लावण्यातही चुका काढायला लागला. गोळ्या सुरू झाल्यावर त्याचं ओरडणं कुजबुजीवर आलं, पण तो काही गेला नाही. तिनं तेही निभावून नेलं. लेकीला वाटायचं, आई झोपेच्या गोळ्या घेते.

मग लेकीला मुलगी झाली, आणि मुकादम नवीनच काहीतरी बोलला.

"हात लावू नकोस. पाडशील."

झालं! नात बसायला लागली तरी आजीनं तिला एकदाही उचललं नव्हतं. तिची झबली शिवायची, कपडे धुवायची, लांबून टाळ्या वाजवून हसवायची. पण लेकीनं बाळ पुढे केलं की मावशीचे हात पाठीमागे जायचे.

"धर ना गं आई, मला अंघोळीला जायचंय."

"हात ओले आहेत माझे."

आजीचे हात कायम ओलेच! एक दिवस लेकीनं तिचा हात ओढून धरला. कोरडा ठणठणीत. मग मावशीला सगळं सांगावंच लागलं. लेक रडली, चिडली, आणि दुसऱ्याच दिवशी चौकशी करून तिला इथं घेऊन आली.

"हा उपचार नवा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "अजून फार ठिकाणी होत नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या. आपण त्या आवाजाला चेहरा द्यायचा. मग मी पलीकडच्या खोलीतून त्याच्या आवाजात बोलणार, आणि तुम्ही त्याला उत्तर द्यायचं. काहींचा आवाज पूर्ण जातो, काहींचा नुसता बारीक होतो. तेव्हा खोटं आश्वासन देत नाही."

"मुकादमाला उलट बोलायचं?" मावशीचं धाबं दणाणलं होतं.

"चांगलं खणखणीत!"

आता चेहरा झाला आणि आवाजाची पाळी आली. डॉक्टरबाई बोलायच्या आणि मशीन तो आवाज बदलून द्यायचं. "इतका गुळगुळीत नाही," मावशी म्हणाली. "जरा विरलेला करा. हां... बस, बस!"

तेवढ्यात कानामागून कुजबुज आली. "हा मी नाही. पण बरा जमलाय."

"तो म्हणतोय, बरा जमलाय," मावशीनं निरोप पोचवला. डॉक्टरबाईंचा माउसवरचा हात क्षणभर तसाच राहिला.

मावशीला न्यायला लेक आत आली, खांद्यावर झोपलेलं बाळ घेऊन. पडदा बघून म्हणाली, "हाच का तो छळवादी? बघू तरी." ती जवळ गेली. हसता हसता थांबली. मग तिनं बोटानं पडद्यावरच्या त्या जाड भुवया झाकल्या, दुसऱ्या हातानं केस झाकले.

"आई," ती हळूच म्हणाली, "ही तर तू आहेस."

तीच हनुवटी. तेच बारीक डोळे. मावशी बघत राहिली. जुळणारा धागा कुठून येतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मग उपचाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. खोलीत एकटी मावशी, कानांवर हेडफोन, समोर तो. त्याचे ओठ हलायचे. "दिसतंय. उसव." पहिल्या वेळी मावशी नुसता हातरुमाल पिळत बसली. मग त्याच हेडफोनमधून डॉक्टरबाई आपल्या खऱ्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, मी आहे इथं. म्हणा त्याला, नाही उसवणार."

"नाही उसवणार," मावशी पुटपुटली.

"मोठ्यानं."

"नाही उसवणार!" एवढ्या जोरात, की बाहेर बाकावर बसलेली लेक दचकली.

फेरीगणिक पडद्यावरचा मुकादम नरमत गेला. "बरं, राहू दे," म्हणायला लागला. त्याला तसं बोलायला डॉक्टरबाईच लावतात, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. तरी बरं वाटायचं.

पण खरा मुकादम एका दुपारी दुकानात बोलला. मावशी कोटाच्या बाहीवर काम करत होती. आवाज हुकमाचा नव्हता.

"त्या खोलीत जाऊ नकोस."

"का?"

"ती बाई मला उसवतेय."

सुई जागच्या जागी थांबली. मुकादम घाबरलाय? इतक्या वर्षांत हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"मी गेल्यावर तुझं काम कोण बघणार?" तो म्हणाला.

हे मात्र वर्मी लागलं. लोक नावाजत होते तो हात कुणाच्या धाकानं चालत होता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

"मावशी, कुणाशी बोलताय?" काउंटरवरून मालक ओरडला.

"सुईशी."

"ऐकते का ती?"

"तुमच्यापेक्षा बरं ऐकते!"

मावशी तरीही त्या खोलीत गेलीच. शेवटच्या फेरीला तर ठरवूनच गेली.

"नातीला उचलणार मी," तिनं पडद्याला सांगितलं.

"पाडशील," तो म्हणाला.

"तिच्या आईला याच हातांनी वाढवली. तेव्हाही तुम्ही मागे उभे होतात. सांगा ना आता. पाडली का?"

चेहरा गप्प झाला. पापणी हलेना, ओठ हलेनात. एसीची घरघर तेवढी येत होती. मग त्या मिटलेल्या ओठांतून, अगदी हळू, आवाज आला.

"नाही पाडलीस. मी बघत होतो ना."

मावशी पडद्याकडे सरकून बसली.

"निघू मी?" त्यानं विचारलं.

"निघा," ती म्हणाली.

धाडकन दार उघडलं. डॉक्टरबाई धावत आल्या होत्या. "सॉरी, मावशी! माझ्या माइकची वायर सुटली. 'पाडली का' म्हणालात ना, त्यानंतर माझा आवाज तुमच्यापर्यंत आलाच नसेल. तेवढंच पुन्हा करू या का?"

मावशीनं पडद्याकडे पाहिलं. चेहरा तसाच होता, ओठ मिटलेले.

"नको," ती म्हणाली. "बोलणं झालं आमचं."

डॉक्टरबाईंनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, "परत आला तर लगेच यायचं."

घरी आल्यावर लेक सवयीनं बाळाला गादीवर ठेवायला वाकली. मावशीनं हात पुढे केले. लेकीनं बाळ तिच्या हातांत दिलं. केवढी जड होती पोरगी! गरम, आणि झोपेनं सैल. मावशी भिंतीला टेकून खाली बसली आणि बराच वेळ हललीच नाही.

दुपटं कोपऱ्यात फाटलं होतं. लेकीनं सुई आणून दिली. मावशीनं दुपट्याच्याच काठातून धागा काढला आणि मांडीवरच्या बाळाला न हलवता भोक विणून काढलं. मग दुपटं खिडकीकडे उचलून धरलं. उजेडात रफू दिसत होतं, नखभर वळ उठल्यासारखं.

मावशी थांबली. सवयीनं मान जराशी उजवीकडे झुकवली. स्वयंपाकघरात लेक भांडी लावत होती. कानामागे काहीच नव्हतं.

"दिसतंय," ती स्वतःच हळू म्हणाली.

आणखी थोडी थांबली. मग धागा दातानं तोडला आणि दुपटं नातीच्या अंगावर घातलं.