काचेमागचा पंखा

‘कपाटातल्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही.’ आमच्या विभागात नव्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी हा नियम सांगतात. मी त्याच कपाटातून बोलतोय. मी धूर ओढणारा पंखा.

कोल्हापुरात, विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये इथं शिकणाऱ्या नुजहतनं मला घडवलं. पत्र्याचा डबा, जुन्या कूलरची मोटर, पुढं बारीक जाळी. तिची अम्मी, फातिमा, जवळच्या हुपरी गावात घरीच चांदीच्या पैंजणांच्या कड्या ज्योतीवर जोडते. तो धूर वर्षानुवर्षं तिच्या छातीत साठत होता. डॉक्टर म्हणाले, काम थांबवा. काम थांबलं की नुजहतचं कॉलेजही थांबणार, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

चाचणीसाठी म्हणून तिनं मला एसटीतून मांडीवर घेऊन हुपरीला नेलं. माझे खरे दिवस तेवढेच. मी घरघरायचो आणि धूर खिडकीबाहेर जायचा. शेजारच्या बाळाबाई आपलं कामच उचलून आल्या.

“फातिमा, मी हितंच बसते गं. डोळं चुरचुरत न्हाईत.”

“बसा की. पण पंखा माझा जावई हाय, मान द्या त्याला!”

हसताना फातिमा खोकली नाही. नुजहतनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

मग स्पर्धा झाली, पहिलं बक्षीस मिळालं आणि हे कपाट नशिबी आलं. विभागप्रमुख विजयसिंह सरांनी मला निळा रंग दिला. लोंबती वायर बरी दिसत नाही म्हणून मुळापासून कापून टाकली. वर पाटी लावली: ‘विद्यापीठ समाजाच्या दारी’. दार काचेचं, त्यालाही कुलूप! माणसं चांगल्या वस्तूचा सत्कार करतात आणि तिला कामावरून काढतात. ही खोड मला अजून कळलेली नाही.

“सर, पंखा घरी नेऊ?” नुजहत पुन्हा पुन्हा विचारायची.

“अगं, विद्यापीठाची तपासणी करायला समिती यायचीय. ती गेली की बघू.”

समित्या आल्या, चहा पिऊन गेल्या. माझ्या जाळीच्या कोपऱ्यात पुसायची राहिलेली थोडी काजळी आहे, हुपरीची. तिच्यावर मी दिवस काढतो.

आज पुन्हा समिती आली. एक मॅडम म्हणाल्या, “चालू करून दाखवा.”

सर गडबडले. “हा नुसता नमुना आहे, मॅडम. खरा हिच्या घरी सुरू आहे. हो ना गं, नुजहत?” आवाज गोड, डोळे वटारलेले.

“नाही, सर. खरा हाच. वायर तुम्ही कापलीत. अम्मी अजून धुरातच बसतेय. आम्ही पोरापोरींनी असे पंखे करून हुपरीत घरोघरी लावले असते, त्या कमाईत आमच्या मेसचाही खर्च निघाला असता. विचारायचं नाही म्हणालात ना? मग विचारत नाही. आज हा माझ्याबरोबर एसटीत बसणार. किल्ली द्या.”

मला रंग नको, पाटी नको. कुणीतरी मला वायर जोडा आणि धुरात नेऊन ठेवा.

नुजहतचा हात पुढं आहे. सर जमिनीकडं बघतायत. मॅडमचा कप तोंडापाशीच थांबलाय.